बेडकीचा पाला

"आधी हे चावा," असं म्हणून सर आमच्या हातावर एक हिरवं पान ठेवायचे. पान चावून झालं की खिशातून गुळाचा खडा. तो गूळ मातीसारखा लागायचा. आमचं तोंड वाकडं झालं की सर लहान मुलासारखे खूश. "बेडकीचा पाला. जिभेला फसवतो. आता रक्तातली साखर उतरवतो का, ते बघायचंय."

धुळ्याच्या फार्मसी कॉलेजात त्यांची प्रयोगशाळा मी शिकवायचो त्या वर्गाला लागून होती. हा माणूस कधी खुर्चीला टेकला नाही. शेगडीवर अर्क आटत असला की हे व्हरांड्यात येरझाऱ्या घालणार, आत डोकावणार, पुन्हा बाहेर. चहासुद्धा चालता चालता. एकदा तो माझ्या शर्टावर सांडला.

"सर, पायाला भिंगरी लावलीय का?"

"अर्क आटतोय ना," ते म्हणाले, जणू यांच्या चालण्यानंच तो आटत होता.

पाला यायचा साक्रीकडच्या त्यांच्या गावाहून. थोरली बहीण, अक्का, डोंगरात जाऊन तो खुडायची. आई गेल्यावर सरांना तिनंच वाढवलेलं. तिला मधुमेह, रोज इन्सुलिनची सुई. सरांची ही सगळी धावपळ तिच्या त्या सुईसाठी होती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

मग प्रयोगातल्या उंदरांची साखर उतरली. बातमी गावी पोचली आणि पोरांनी हौसेनं वेशीवर फलक लावला: 'मधुमेहावर औषध शोधणारे आमचे भूमिपुत्र'. शेजारी सरांचा गॉगल घातलेला फोटो.

मी म्हटलं, "अहो, माणसावर कुठं तपासलंय अजून?"

"असू द्या हो," सर हसले. "पोरं आनंदात आहेत."

अक्कानं फलक कुणाकडून तरी वाचून घेतला आणि सुई बंद केली. पाला तर तिच्याच पदरात होता. सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर. खुडतानाच कधीतरी तळपायात काटा मोडला. मधुमेहानं बधिर झालेल्या पायाला तो कळलाच नाही. धुळ्याला दवाखान्यात आणली तेव्हा पाय काळा पडला होता. गुडघ्याखाली कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर ती सरांना म्हणाली, "मन्हा भाऊनं औषध शे, मंग सुई कसाले?"

सर भिंतीला पाठ लावून खाली बसले. त्यांना बसलेलं मी तेवढंच पाहिलं.

फलक त्यांनी स्वतः शिडी लावून उतरवला. मग नोकरी सोडली. काम अर्धवट राहील म्हणून आम्ही खूप समजावलं. "ते दुसरं कुणी पुरं करेल," ते म्हणाले. "अक्काला सुई मी देणार." मला वाईट वाटलं, रागही आला. कुणावर, ते आजही सांगता येत नाही.

परवा मी त्यांच्या गावी गेलो. अक्का ओट्यावर बसली होती, मांडीवर गोधडी. सरांनी तिला सुई दिली, टोचलेली जागा कापसानं पुसली, आणि लगेच अंगणात येरझाऱ्या सुरू. निंबापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून निंबापर्यंत. इथं कुठला अर्कही आटत नव्हता.

अक्का बराच वेळ त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

"बस ना रे भाऊ," ती म्हणाली. "दोन्हीसना वाट्यानं चालनं तू एकलाच चालस का?"

सर थांबले नाहीत.