पाइपांची टक्कर मोजणारा

दोन वस्तू एकमेकींवर आपटल्या की घरात पाळणा हलल्यासारखा खूश होणारा माणूस अख्ख्या करी रोडला एकच, आमच्या शेजारच्या खोलीतला इंजिनियर. मी चौथी नापास, तरी त्याचं काम मला कळतं. समुद्राच्या तळाशी तेलविहिरी असतात, तिथून वरच्या जहाजापर्यंत लांबलचक पाइप उभे लटकतात, ते प्रवाहाने एकमेकांवर आदळले तर टक्कर केवढी बसेल याचा अंदाज हा आधीच काढतो. परवा संध्याकाळी आम्ही दोघांनी वरळी कोळीवाड्यात बांबूला बागेचे दोन पाइप टांगून ओहोटीच्या पाण्यात सोडले होते. पुढचा पाइप सगळं पाणी अंगावर घेऊन मागे ढकलला जायचा, मागचा त्याच्या आडोशाला जागच्या जागी, की बसली टक्कर. "काय रे, नळीने मासे ओढतोस काय?" एका कोळणीने विचारलं. "नाही मावशी, टक्कर बघतोय." "मग घरात बायको नाही काय तुला?"

एकदा आमच्या गॅलरीत दोघी बायका भरल्या बादल्यांसकट धडकल्या. हा धावत आला आणि विचारतो काय, "दोघी एकाच दिशेने चालला होतात की समोरासमोर? एकाच दिशेने असतात तर कमी लागलं असतं." त्यातली एक म्हणाली, "मेल्या, आधी बादली उचल." माझ्या बायकोची पडवळं तर त्याने पिंपात टांगून दिवसभर एकमेकांवर आपटली. तिने त्याच ठेचलेल्या पडवळांची भाजी केली आणि त्यालाच जास्त वाढली.

ती गेली तेव्हा सगळे येऊन धीर धरा म्हणाले. मला त्या धीराचा कंटाळा आला, मी दार लावून बसायला लागलो. हा रोज दार ठोकायचा, "काका, पाइप धरायला माणूस पाहिजे, चला." मुंबईत पाइप धरायला दुसरा माणूस मिळत नव्हता असं नव्हे, ते मला कळत होतं. पण मी चपला घालायचो.

परवा कोळीवाड्यातून आल्यावर जिना चढताना म्हणाला, "काका, सांगायचंच राहिलं. उद्या सकाळी निघतोय. परदेशात नोकरी लागली."

"बरं झालं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण आता मला घराबाहेर कोण काढणार, हे मनातून जाईना.

काल सकाळी त्याची बॅग मीच खाली आणली. टॅक्सीवाल्याने डिकी लावली. मी माझ्या खोलीला कुलूप घालूनच उतरलो होतो, सरळ टॅक्सीचं मागचं दार उघडलं.

"काका, विमानतळावरून परत कसे याल?"

"बसने येईन," मी म्हटलं. "सरक जरा."