‘थांब’ म्हणता न येणारी केबल

आमच्या शहापूरच्या गल्लीत किस्से शोधायला जावं लागत नाही. मागाखालच्या तुसासारखे ते आपोआप साठतात. झाडले नाहीत तर पाय रुततात! आज एकाच केबलचे तेवढे झाडते.

*

शेजारच्या महादेवच्या रेणूचं लग्न ठरलं. विणकराची लेक, साडी घरच्याच मागावरची हवी! महादेवचा माग कॉम्प्युटरवर चालतो. नक्षी यूएसबी केबलमधून उतरते. नेमकी ती केबल उंदरानं कुरतडली. निपाणीचा डीलर म्हणाला, “ओरिजिनल मागवतो, कळ काढा.” महादेवनं तोवर बाजारातली डुप्लिकेट आणली. साध्या सुतावर नक्षी झकास उतरली, पण धागा तुटला तरी माग थांबेना! असं खऱ्या पदरात झालं, तर साडी वाया. दुसरी विणायला वेळ कुठला? गल्लीतल्या मशिनी मीच दुरुस्त करते, म्हणून तो माझ्या दारात आला.

“आक्का, लेकीचं लगीन हाय वो!”

“मग रडतोस कशाला? केबल हिकडं आण.”

*

मी सातवीत शाळा सोडली. कोड वाचायला मला बिघडलेल्या मशिनींनी शिकवलं, आणि चांगलंच शिकवलं! रोग सापडला. धागा तुटला की कॉम्प्युटरनं केबलमधली लाइन क्षणभर दाबून धरायची. माग त्याला ‘थांब’ समजतो. केबलमधल्या नकली चिपमध्ये नेमकं तेवढंच घातलेलं नव्हतं. आणि ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि केबलमधला दुभाष्या, तिला सगळं येतं असं धरून मोकळा!

महादेव म्हणाला, “मग नावावरनं वळखा की नकली कुठली ती.”

“अरं, तिनं नाव बी अस्सलचंच लावलंय!”

*

मग मी दुभाष्यालाच वळण लावलं. केबल जोडली की आधी विचारायचं, “बाई, थांबवायला येतंय काय तुला?” ‘न्हाय’ म्हणाली तर हाकलायची नाही. बोलण्याचा वेग एकदम कमी करून एक शून्य पाठवायचं. सावकाश गेलेलं शून्य मागाला दाबून धरल्यासारखंच वाटतं!

महादेव कुरकुरला, “आक्का, ही फसवणूक झाली.”

“फसवणूक न्हवं रं, ह्याला सासरी नांदणं म्हंत्यात!”

*

साध्या सुतावर चाचणी घेतली. धागा मुद्दाम तोडला, माग थांबला. टाळ्या! परत चालू केला, तर मोराचा पिसारा चोचीला फुटलेला. वेग पुन्हा वाढवायचा राहिला होता.

रेणू म्हणाली, “असला मोर नेसून गेले तर सासूबाई दारातनंच परत धाडतील!”

कोडात एक ओळ वाढवली. मोर शहाण्यासारखा वागायला लागला.

*

खऱ्या साडीत, पदरावरच्या मोराच्या मानेशीच जरीची तार तुटली. खट्! माग जागच्या जागी थांबला. महादेवनं तार जोडली आणि माग परत चालू केला. माझा जीव भांड्यात पडला, पण त्याला कळू दिलं नाही.

लग्नात विहीणबाई पदर बोटांत धरून म्हणाल्या, “लई सफाई हाय वो! कुठं तुटलं न्हाय, जोडलं न्हाय.”

“व्हय की!” मी म्हणाले, आणि जिलबी वाढून घेतली.

*

लग्न झाल्यावर डीलरची ओरिजिनल आली. चकाकतं स्टिकर, सीलबंद डबा! महादेवनं तिला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी केबल जोडली. ड्रायव्हरनं आपला ‘थांबवायला येतंय काय’ हा प्रश्न विचारला. स्क्रीनवर उत्तर उमटलं.

“काय म्हणत्याय, आक्का?”

“खोबरं वाट, महादेवा. ही बी न्हायच म्हणत्याय.”

महादेवनं नवा डबा बाजूला सारला. मग कुंकवाचं बोट त्यानं हळूच जुन्या डुप्लिकेटला लावलं.