नाजूकपणाचा हेवा

तापल्या दुधावर साय धरू लागली की तिला आधी एक बारीक सुरकुती पडते आणि घरभर गोडसर, किंचित करपट वास दरवळतो. डोंबिवलीच्या या घरात तो वास आला की पंच्याहत्तरी ओलांडूनही माझ्या पोटात जुना हेवा जागा होतो. लहानपणी ती साय माझ्या धाकट्या भावाची, विनूची. त्याला बाळदमा होता. मी धडधाकट, म्हणून खालच्या नळावरून पाणी आणणारा. "तुला काय धाड भरलीय? तो नाजूक आहे रे," आई म्हणायची. त्या 'नाजूक'मधले मार्दव माझ्या नावाला कधी लाभले नाही. बळकट पोराच्या कपाळावर कोण हात ठेवून बघतो?

पुढे मी इंग्रजीचा शिक्षक झालो. दुर्बलतेला त्या भाषेत किती शब्द! वर्गात मी ते चवीने उलगडत असे. 'डेलिकेट' म्हणजे तलम, जपून हाताळावे असे. 'फ्रेल' इतके विरळ, की त्यातून पलीकडचा उजेड दिसावा. 'फीबल'मध्ये कीव आहे आणि कीवेखाली थोडी तुच्छताही. 'इन्फर्म' काठी टेकत येतो. आणि 'वीक'? तो नुसता निकाल, मायेचा ओलावा नसलेला. आपल्याकडेही नाजूक आणि दुबळा एका तागडीत कुठे बसतात?

तोवर विनूचा दमा केव्हाच मागे सरला होता. नोकरी होती, गळा गोड होता, माणसे त्याच्याभोवती आपसूक जमत. बघण्याच्या कार्यक्रमात खोपटची शैला त्याच्याकडे पाहून हसली. मी मुली बघत होतो तेव्हा तसे कुणी हसले नव्हते. मग तिचे वडील चौकशीला माझ्या शाळेत आले. मास्तरांचा मान म्हणून इंग्रजीतच त्यांनी विचारले, "हाऊ इज हिज हेल्थ?" सारे शब्द माझ्यापुढे हात जोडून उभे होते. लहानपणी नाजूक होता, आता ठणठणीत आहे, एवढेच खरे होते. मी म्हणालो, "ही इज वीक." आणि आत काहीतरी सुखावले.

आठवडा उलटायच्या आत निरोप आला, पत्रिका जुळत नाही. नकार गोड करण्याची आपली जुनी रीत! विनूने मात्र तो निरोप अक्षरशः खरा मानला. "माझ्या ग्रहांतच खोट आहे, दादा," म्हणाला, आणि पुन्हा कुठे पत्रिका दाखवू दिली नाही. कोपरला एकटा राहिला. त्या एकटेपणाचा दोष आजवर शनीच्या माथी आहे.

आता माझे गुडघे गेले आहेत. विनू रोज कोपरहून चालत येतो, माझ्यासाठी दूध तापवतो. सुना त्याच्याशी गप्पा मारतात, माझ्याशी औषधांपुरत्या बोलतात. त्याच्या ताठ पाठीचाही मला हेवा वाटतो, कशाला लपवू? काल मला खुर्चीत बसवताना तो म्हणाला, "सावकाश, दादा. आता तू नाजूक." ज्या शब्दाची जन्मभर वाट पाहिली, तो त्याच्याच तोंडून यावा! मला तो गिळवेना.

"पत्रिका जुळत होती, विनू," मी म्हणालो. "शैलाच्या वडिलांना मी सांगितलं होतं, तू वीक आहेस म्हणून."

त्याने गॅस बंद केला. "का रे?"

"साय तुला मिळायची."

तो हसला नाही. "आणि मी इतकी वर्षं शनिवार धरले," एवढेच म्हणाला आणि चपला घालून गेला.

आज शनिवार. तो येणार नाही अशीच मनाची तयारी केली होती. आला. दूध तापवले. सुरकुती पडली, वास दरवळला. रोजच्यासारखी साय माझ्या कपाकडे आली, क्षणभर चमच्यावर थांबली आणि वाटीत गेली. त्याने तिच्यावर साखर पेरली, डब्यातली पोळी काढली आणि उपास मोडून, माझ्यासमोर बसून, सावकाश खाल्ली.

हेवा वाटलाच. पण ती साय त्याची आहे, हे आज मला मान्य होते.