धुरामागचा तितर

साठ-एकसष्ट सालची गोष्ट असेल. फुलसावंगीच्या वाटेवर तो शिकारी मला एकदाच भेटला. खांद्यावर त्याच्याच उंचीची ठासणीची बंदूक होती. आमची बैलगाडी पाहून त्यानं हात वर केला.

"बैलं धरा जी, आवाज मोठा होते!"

तुरीच्या वावराकडेला तितर ओरडत होता. हा मात्र जावयासारखा निवांत. नळीत दारू ओतली, चिंधी कोंबली, गजानं ठासली, मग छर्रे, पुन्हा चिंधी. प्रत्येक ठोक्याला मान डोलवत होता. तितरानं मनात आणलं असतं, तर एवढ्यात तो पुसदला पोचला असता.

धडाड! पांढऱ्या धुराचा ढग पसरला आणि पुढचं काहीच दिसेना.

"पडला काय?" आमचा गाडीवान ओरडला.

शिकारी आरामात उकिडवा बसला. "कायची घाई करता? धूर हाये तवर तितर आपलाच हाये." आणि त्यानं वाटणीच सुरू केली. "एक टांग तुमची, एक गाडीवानाची. मले रस्सा पुरते."

धूर विरला. तितर पलीकडच्या वावरातून खणखणीत ओरडला. सगळ्यांत मोठ्यानं शिकारीच हसला आणि पुन्हा नळीत दारू ओतू लागला.

आम्ही निघालो. वळण जवळ आलं तोच मागून पुन्हा धडाड झालं. मी वळून पाहिलं, तर तुरीवर पांढराशुभ्र ढग. गाडीवान बैल थांबवू लागला.

"थांबू नको," मी म्हणालो, "हाक! धूर हटायच्या आत वळण गाठ."

गाठलं. म्हणून ती एक टांग आजही माझीच आहे.