काचेची बाजू

पनवेलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी माउस बदलायला गेलो होतो. तिथे एक मासळीवाली लेकीसाठी घेतलेलं कॅबिनेट न्यायला आली होती. एका बाजूला आरपार काच, आत निळे पंखे. लेकीला तसंच हवं होतं.

"मावशी, रिक्षा करा. काच फुटली तर बदलून मिळणार नाही," दुकानदाराने बजावलं.

"रिक्षा खड्ड्यांत आदलते," ती म्हणाली. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली. दुकानदाराने आणि मी हात लावून कॅबिनेट मासळीच्या पाटीसारखं वर चढवलं.

माझीही वाट कोळीवाड्याकडचीच, म्हणून मी मागोमाग निघालो. एक टेम्पो तिला घासून गेला, मग सायकल आडवी आली. माझं काय जात होतं? तरी जीव टांगणीला लागला. तिची मान मात्र तसूभर हलली नाही. दोन्ही मुठी कमरेवर घट्ट आवळलेल्या. काचेत अख्खा बाजार सरकत होता.

तिच्या घराला कुलूप होतं. ओट्याशी थांबून, मागे न वळता ती म्हणाली, "भाऊ, हात लावा. एकटीला नाय उतरवता येत."

माझे तळवे घामाने निसरडे झाले होते.

"हलू धरा. डोक्यावर हाय तवर काय व्हत नाय. फुटतं ते उतरवताना."

कॅबिनेट ओट्यावर टेकलं. मी सुटकेचा निःश्वास टाकून तिच्याकडे पाहिलं. मान अजून ताठ होती, पण कमरेवरून सुटलेले तिचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते.