कुसुमचे उरलेले पाच गर्भ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलते आहे? खरं सांगायचं तर मलाही नीट ठाऊक नाही. एवढंच कळतं, की आता वय झालं आणि हे माझ्याबरोबर जाऊ नये.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पेणच्या एका प्रसूतिगृहात सिस्टर होते, राहायला रोह्याला. रोज एसटीने ये-जा. महिन्यातून दोन रविवार मुंबईचे एक डॉक्टर आमच्याकडे यायचे, मूल न होणाऱ्या जोडप्यांना तपासायला. तपासणी पेणला, पण खरं काम मुंबईच्या प्रयोगशाळेत. तिथे बाईचं बीज आणि पुरुषाचं बीज काचेच्या बशीत एकत्र करायचे, त्यातून गर्भ तयार व्हायचे – डोळ्याला दिसणारही नाहीत एवढे. दोन-तीन बाईच्या पोटात ठेवायचे. आणि उरतील त्यांचं काय?

त्यासाठी एक फॉर्म होता. इंग्रजीत, चार पानी. शेवटच्या पानावर तीन चौकोन. पहिला – उरलेले गोठवून ठेवा. दुसरा – नष्ट करा. तिसरा – संशोधनाला द्या. एकावर खूण करायची, खाली सही किंवा अंगठा. फॉर्म भरणं माझ्याकडे होतं, कारण माझं इंग्रजी बरं आणि अक्षर मोत्यासारखं. त्याचा मला केवढा तोरा होता!

रविवारी गर्दी फार व्हायची. म्हणून मी काय करायची – शनिवारी दुपारी रोह्याला घरी बसून सगळे फॉर्म आधीच भरून ठेवायची. नोंदवहीतून नाव, वय, गाव. आणि शेवटच्या पानावर तिसऱ्या चौकोनात खूण. सगळ्यांच्याच. न विचारता.

तिसराच का? डॉक्टर एकदा सहज म्हणाले होते, की नष्ट करण्यापेक्षा संशोधनाला गेलेले बरे. त्याच सुमारास पेपरात आलं होतं, की अशा गर्भातून मूळपेशी काढतात, उद्या त्यातून लुळे पाय चालतील, मधुमेह जाईल. मी ते कात्रण कापून ठेवलं होतं. पेणमध्ये बसून आपणही त्या मोठ्या कामाला हात लावतोय, असं वाटून ऊर भरून यायचा. दुसऱ्यांच्या जिवावर ऊर भरून घ्यायला काय जातं?

कुसुम आली ती त्या हिवाळ्यात. खाडीकाठच्या गावची. नवराबायको दोघं मिठागरात कामाला, शिवाय थोडी खारजमीन, तांबड्या भाताची. लग्नाला नऊ वर्षं झालेली. टाचांना मिठाने भेगा पडलेल्या, पण बोलणं कसं खणखणीत. अंगठा लावायच्या आधी तिने माझा हात धरला. एवढ्या बायका आल्या-गेल्या, पण उरलेल्यांबद्दल बोलणारी ती एकटीच.

"बाई, उरतील ती ठेवा हां. आमच्यात बियान्याच्या कनगीला कोन हात लावत नाय. घरात भात संपला तरी नाय. पेरनी फसली तर दुबार कशानं पेराची?"

मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. डॉक्टरांना जे समजवायला अर्धा तास लागायचा, ते तिने चार वाक्यांत सांगितलं होतं. तिला पहिला चौकोन हवा होता. आणि माझ्या हातातल्या कागदावर तिसऱ्यात खूण केलेली होती – शाईने, ठळक. नवा फॉर्म घ्यायचा तर चार पानं पुन्हा लिहायची, बाहेर बाकड्यावर अकरा बायका, आणि डॉक्टरांना सांगावं लागलं असतं की मी हे आधीच भरून आणते. मी म्हटलं, "हो गं, ठेवू." आणि तिचा अंगठा धरून कागदावर दाबला.

आठ गर्भ तयार झाले. तीन पोटात ठेवले. रुजले नाहीत.

शिमग्यानंतर ती परत आली. एकटीच, आणि चक्क हसत. आता ठेवलेले घालायचे ना, म्हणाली. मी फाईल उघडली. मुंबईचा कागद होता – संमतीनुसार पाच गर्भ संशोधनासाठी दिले. तिच्या समोर बसून मी तो कागद दोनदा वाचला. तिला वाचता येत नव्हतं, नाहीतर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. तेव्हा तरी खरं बोलायचं होतं ना? मी फाईल मिटली आणि म्हटलं, "ते टिकले नाहीत गं. आपोआप गेले."

"पाचीच्या पाची?"

"हो."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "म्हंजे माझंच बी नासकं. खारं पानी शिरलेलं." डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून करू म्हणत होते. ती नको म्हणाली. नासकं बी कितीदा पेरायचं, हा तिचा सवाल. मी तिची फाईल कपाटात ठेवली.

याहून वाईट पुढेच आहे. त्या पावसाळ्यात रोह्याच्या एका वाचनालयात उरलेल्या गर्भांवर संशोधन करावं का, यावर चर्चा ठेवली होती. एक निवृत्त मास्तर म्हणाले, गर्भ म्हणजे जीव, त्याला हात लावू नये. एक तरुण डॉक्टर म्हणाले, ठिपक्याएवढ्या पेशींपायी जिवंत रोग्यांना मरू द्यायचं का? एक वकीलबाई म्हणाल्या, आपल्याकडे याला कायदा नाही, नियम हवेत, खेड्यातल्या अडाणी बाईची संमती घेतात तरी कशी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तिथे अनुभवी म्हणून बोलावलं होतं. मी उभी राहिले. "समजावलं की बाईला सगळं समजतं. मी प्रत्येकीला तिच्या भाषेत सांगते आणि मगच अंगठा घेते." टाळ्या पडल्या. मला आवडल्या त्या टाळ्या – हेही सांगून टाकते.

संशोधन वाईट, असं मी आजही म्हणत नाही. त्या पाचांतून कुणाचं भलं झालंही असेल. पण त्यांचं काय झालं हे विचारलं ते कुसुमने, आणि खरं उत्तर माझ्याकडे होतं. कायदा नव्हता म्हणून मी तसं केलं का? छे. कायदा असता तरी मी शनिवारी फॉर्म भरलेच असते.

दिवाळीच्या आसपास पेणच्या एसटी स्टँडवर ती भेटली. भाजीची टोपली खाली ठेवून सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, हिला कुठून तरी कळलं. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"बाई, तुमचे उपकार हायत. बाकी समद्यांनी मला आशेवर झुलवली. तुम्ही तेवढ्या खरं बोललात. म्हून मी सुटले."

रोह्याची गाडी लागली होती. मी म्हटलं, "जपून राहा गं," आणि गाडीत चढले. खिडकीतून पाहिलं, तर ती अजून हात हलवत होती. मीही हलवला.