जोडीतला एक टाळ

माझा आजार लोकांना समजावून सांगताना मी नेहमी अडखळते. हात मांडीवर ठेवलेला असला की तो शहाण्यासारखा पडून राहतो. बघणाऱ्याला वाटतं, हिला कुठं काय झालंय? पण तोच हात पाण्याच्या ग्लासाकडे नेला की बोटं हलायला लागतात, आणि ग्लास जसजसा जवळ येईल तसतशी थरथर वाढत जाते. ओठांशी येईपर्यंत अर्धं पाणी पदरावर सांडलेलं असतं. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव उच्चारायलाच मला कितीतरी दिवस लागले. नसांवरचं आवरण झिजतं, मेंदूचा निरोप हातापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून असा कंप येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते मला कळलं. कळत नव्हतं ते दुसरंच. सकाळी देवघरात विठ्ठलाच्या पायावर फूल ठेवायला जावं, तर अगदी पायापाशी आल्यावर ते भलतीकडेच पडायचं. पांडुरंगा, लांब असताना हात शांत आणि तुझ्याजवळ येताना ही गत, हे कसलं रे तुझं? काही महिने तर मी त्याच्याशी बोलतच नव्हते. दिवा लावायचं काम ह्यांच्याकडे दिलं आणि मी नुसती पाठमोरी भाजी निवडत बसायची.

आम्ही जालन्यात मस्तगडला राहतो. ह्यांचं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. माझं दुखणं सुरू झालं ते डोळ्यापासून. एका डोळ्यासमोर धुरकट पडदा आल्यासारखं झालं, मग पाय कापसावर ठेवल्यासारखे वाटायला लागले. अशक्तपणा असेल म्हणून टॉनिक घेतलं, कुणी सांगितलं म्हणून दृष्टही काढली. शेवटी संभाजीनगरला एमआरआय झाला तेव्हा नाव कळलं. मी डॉक्टरांना एकच विचारलं, "हात स्थिर होईल का?" ते प्रामाणिक होते. म्हणाले, "कमी-जास्त होत राहील. पूर्ण जाईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. थकवा आणि ऊन सांभाळा." परत येताना गाडीत ह्यांनी माझा हात आपल्या हातात धरून ठेवला होता. मांडीवर धरलेला, म्हणून तो हलत नव्हता, आणि ह्यांना वाटत होतं की आपण धरल्यामुळंच तो थांबलाय. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

मला हाताचं एवढं का लागलं, ते सांगायला हवं. माझं माहेर वाटूरचं. वडील शेतकरी, पण गावात त्यांची ओळख टाळकरी म्हणूनच. लहानपणी ते मला मारुतीच्या देवळात घेऊन जायचे आणि टाळाची दोरी माझ्या बोटांना गुंडाळून द्यायचे. म्हणायचे, "आवाज मोठा नको करू, बाई. बराबर कर." लग्न होऊन जालन्यात आल्यावर मी गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळात बसू लागले. घरात काही बिनसलेलं असो, दुकान चालो न चालो, एकादशीला टाळ हातात आला की आतलं सगळं जागेवर यायचं. माझी पूजा तीच होती. मंत्र, स्तोत्रं मला कधीच पाठ झाली नाहीत.

कंप सुरू झाल्यावरही मी काही दिवस मंडळात जात राहिले. हळू चालीचं भजन कसंतरी निभायचं. एका एकादशीला मात्र गजर चढला आणि माझ्या दोन्ही हातांतले टाळ एकमेकांवर वेडेवाकडे आपटायला लागले. मी थांबायचा प्रयत्न केला तसा दंड, खांदे, मानही हलायला लागली. शेजारच्या गल्लीतली एक बाई नव्यानंच येत होती. ती एकदम उठली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पायावर डोकं ठेवलं आणि हात जोडून म्हणाली, "बोल माय, काय पाहिजे तुला? आमचं काय चुकलं?" तिला वाटलं माझ्या अंगात आलंय. मागून दोघी-तिघी पुढं सरकल्या. भजन थांबलं. मी म्हणत होते, "अहो न्हाई, मला आजार हाय, बिमारी हाय ही," पण हलणाऱ्या मानेनं सांगितलेलं कोण ऐकणार? त्या बाईनं ओटीतला नारळ माझ्यापुढं ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचं काहीतरी मोठं दुःख असणार, आणि मी तिला काहीच देऊ शकत नव्हते.

मंडळाच्या शकुंतलाबाई वयानं मोठ्या आणि मनानं चांगल्या. बाहेर पडताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू येत जा नं. नुस्ती बसून ऐकत जा. टाळ राहू दे आता." त्यांनी मायेनंच म्हटलं होतं. पण ते 'राहू दे' मला असं लागलं की मी घरी येऊन टाळ धान्याच्या कोठीमागं ठेवून दिले आणि पुन्हा गेले नाही.

मंडळाचं भजन व्हायचं ते देऊळ आमच्या घरामागंच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भजन ऐकू यायचं. एकादशीची संध्याकाळ झाली की मी कुकरची शिट्टी जाऊ द्यायची, मग गॅस बंद करून खिडकीशी उभी राहायची. कोण कुठं घाई करतंय, कोणाचा टाळ मागं पडतोय, मला सगळं कळायचं. माझ्या मनात टाळ वाजत असायचा आणि मनातला कधी चुकत नव्हता. तहान लागलेल्या माणसाला शेजारच्या घरातला नळ वाहताना ऐकू यावा, तसं ते होतं. ह्यांनी एकदा विचारलं, "मी नेऊन बसवू का?" मी म्हणाले, "नको, इथूनच बरं ऐकू येतं." आणि खिडकी लावून घेतली.

वर्ष गेलं. एक दिवस धाकट्या भावाचा फोन आला. गावात सप्ताह बसला होता. "ताई, परवा काल्याचं कीर्तन हाय. बाबा गेल्यापासून तू सप्ताहाला आलीच न्हाईस. या वर्षी यायचंच बरं. मी फाट्यावर गाडी घेऊन उभा राह्यतो." मी थकव्याचं, प्रवासाचं कारण सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्या गावात मी टाळकऱ्याची लेक होते. पण फोन ठेवला आणि मी ह्यांना म्हणाले, "मला वाटूरला जायचंय." त्यांनी बसस्टँडवर नेऊन वाटूरवरून जाणाऱ्या मंठ्याच्या गाडीत खिडकीजवळ बसवलं आणि मला एकटीला पाठवायचा धीर होईना म्हणून गाडी हलेपर्यंत खाली उभे राहिले. दुकान बंद करून दुसऱ्या दिवशी येणार होते.

काल्याच्या दिवशी सकाळीच मारुतीच्या देवळापुढचा मांडव भरून गेला. आजूबाजूच्या गावांतून टेम्पो भरभरून माणसं आल्ती. मी बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून मागं बसले, उजवा हात पदराखाली घेऊन. कीर्तन सुरू व्हायच्या आधी भावजय गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं माझ्या मांडीवर काहीतरी जड ठेवलं. "बाबांचे टाळ हायेत, ताई. कोणालाच दिले न्हाईत. तुम्हीच वाजवा." तिला माझ्या आजाराचं माहीत होतं, पण आजार म्हणजे नेमकं काय जातं, हे तिला कुठून माहीत असणार? ती तशीच घाईनं स्वयंपाकाकडे निघून गेली.

बाबांचे टाळ काशाचे, जाड काठांचे. दोरी तेलकट होऊन काळी पडलेली. मी ती बोटांना गुंडाळली. पुढं महाराजांनी अभंग लावला, मृदंग घुमला. मी डावा टाळ धरला आणि उजवा त्याच्याकडे न्यायला लागले. झालं. मध्येच हात सुटला, टाळ काठावर घसरून कर्कश वाजला, आणि पुढच्या दोन बायकांनी मागं वळून पाहिलं. मी दोन्ही टाळ पोटाशी दाबून धरले आणि मान खाली घातली. आता कोणी कुंकू घेऊन येऊ नये एवढंच मनात होतं.

"का थांबलीस माय?"

माझ्या डाव्या अंगाला एक म्हातारी बसली होती. हिरवं सुती लुगडं, तोंडाला मिश्रीचा वास, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आमच्या गावची नव्हती.

"हात थरथरतो, मावशी. बिमारी हाय."

"डावा बी?"

"टेकवून ठेवला तर न्हाई. एकाकडं दुसरा न्यायला गेलं की मंग."

तिनं माझ्या टाळांकडे पाहिलं. मग पदर बाजूला करून तिनं आपला डावा हात दाखवला. तो सुकल्यासारखा कुशीत पडलेला होता. "माझं हे अंग गेलेलं हाय. लकवा. तवापासून टाळ सुटले बघ." आणि तिनं उजवा हात माझ्यापुढं पसरला, मागणाऱ्यानं पसरावा तसा. "तुझ्यातला एक देतीस का?"

मी उजव्या बोटांची दोरी सोडून तो टाळ तिला दिला. जोडीची दोरी आखूड, म्हणून आम्हाला गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं. मी डावं मनगट मांडीवर टेकवलं आणि टाळ धरून बसले. तिनं हात उचलला. पहिला ठोका चुकला, दुसराही चुकला. ती स्वतःशीच "हं, हं" म्हणाली. तिसऱ्याला तिचा टाळ येऊन माझ्या टाळावर बरोबर पडला आणि तो आवाज माझ्या मनगटातून खांद्यापर्यंत चढत गेला. वर्षभर ज्याच्यासाठी खिडकीत उभी राहिले, तो आवाज माझ्या हातात होता आणि त्यासाठी मला कुठंही पोचायचं नव्हतं. मी फक्त तिथं असायचं होतं. येणारा येत होता.

किती वेळ गेला मला माहीत नाही. गजर चढला तेव्हा म्हातारी दमली, पण थांबेना. दात नसलेल्या तोंडावर हसू आणि गालावरून पाणी. माझीही तीच अवस्था. दहीहंडी फुटली, लाह्या-दह्याचा काला हातावर आला. तिनं टाळ माझ्या मांडीवर ठेवला, पुढं मारुतीकडे तोंड करून एकच हात कपाळाला लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "पाठवलंस रे बाबा. किती दिवसांचं मागून राह्यले होते, एक हात पाठव म्हणून. पाठवलंस."

इतका वेळ माझ्या मनात चाललं होतं की देवानं हिला माझ्यासाठी धाडलं. आणि ती बाई माझ्याचसाठी देवाचे उपकार मानत होती. माझा हा हात, जो मला नको होता, ज्याच्यासाठी मी विठ्ठलाशी अबोला धरला होता, तो कोणीतरी रोज देवाकडे मागत होतं. मला तिच्या पाया पडायचं होतं, नाव-गाव विचारायचं होतं. तेवढ्यात बाहेरून कोणी हाक मारली, "आजी, चल जल्दी, टेम्पो निघाला," आणि ती गर्दीतून गेली. मी उठायला गेले, पण पायांनी लवकर साथ दिली नाही. भावानं नंतर बरीच चौकशी केली. त्या दिवशी इतक्या गावांची माणसं आल्ती की कोणाला काही सांगता आलं नाही. कोणी म्हणालं, ताई, तो देवच होता. मी वाद घालत नाही. मला तर ती मिश्री लावणारी, लकवा झालेली बाई म्हणूनच हवी आहे. देव त्या दिवशी आमच्या दोघींच्या मधल्या आखूड दोरीत असेल, एवढं मी धरून चालते.

आजार आहे तसा आहे. इंजेक्शनं चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही दिवस भाकरी मोडून घ्यायलाही ह्यांना बोलवावं लागतं. पण दिवा मी पुन्हा लावायला लागले आहे. हे मागून कोपर धरतात आणि काडी वातीला टेकते. पूर्वी मी देवाकडे मागत होते की मला तुझ्यापर्यंत पोचव. आता म्हणते, मी इथं बसले आहे, तुला सवड होईल तेव्हा ये.

पुढच्या वर्षी सप्ताहाला मी आधीच जाऊन बसले. बाबांचे टाळ घेतले आणि शेजारच्या जागेवर पदर पसरून ठेवला. प्रत्येक टेम्पो आला की मान वर करून हिरवं लुगडं शोधत होते. कीर्तन सुरू झालं, अभंग झाला, ती आली नाही. मांडव भरत चालला होता, बायका जागा शोधत होत्या. लेकराला कडेवर घेतलेली एक तरुण बाई माझ्याजवळ येऊन थांबली. म्हणाली, "काकू, इथं कोणी येणार हाय का?"

मी मांडवाच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग पदर आवरून घेतला. "बस माय," म्हणाले, आणि एक टाळ तिच्या हातात दिला.